बागरचनेचा धंदा आणि कर्जाचा अहवाल

शाळेंतून बाहेर पडल्यावर पुढें काय करावें, हा प्रश्न आमच्या नांदेड-लातूर भागांतील प्रत्येक घरांत एकदां तरी उभा राहतो. नोकरी हें एक उत्तर आहे. पण तें सर्वांच्या वांट्यास येत नाहीं. पुण्यास किंवा हैदराबादेस जाणें हें दुसरें उत्तर. त्यांत घर मागें राहतें. आपल्याच गांवीं लहानसा धंदा काढणें हें तिसरें उत्तर होय. त्यास भांडवल लागतें, आणि तें बहुधा कर्जाऊ आणावें लागतें. कर्ज मागावयास गेलेल्या तरुणापुढें बँकेचा अधिकारी पहिली मागणी ठेवतो ती प्रकल्प अहवालाची. धंदा कोणता, त्यास किती पैसे लागतील, ते कोठून येतील व कसे फिटतील, हें ज्या दहा-बारा पानांत लिहिलेलें असतें त्यांस प्रकल्प अहवाल म्हणतात. निबंध, पत्र व सारांश हे लेखनाचे प्रकार आम्ही वर्गांत शिकवितों. हा प्रकार मात्र शिकविला जात नाहीं. म्हणून यंदाच्या अंकांत त्याचा एक धडा देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणासाठीं बागरचनेचा धंदा घेतला आहे, त्यास दोन कारणें आहेत. पहिलें असें कीं, या धंद्यास आपल्याकडे आतां जागा झाली आहे. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ सालीं व लातूर महानगरपालिका २०११ सालीं अस्तित्वांत आली. इस्पितळें, मंगल कार्यालयें, शिकवणीवर्गांचीं वसतिगृहें, बंगले व गृहनिर्माण संस्था यांनीं दोन्ही शहरें पसरलीं. अशा इमारतींपुढील मोकळी जागा आंखून तींत वाटा, झाडें, हिरवळ व बसण्याचे ओटे करणें आणि मग महिन्याच्या महिन्यास त्या बागेची निगा ठेवणें, हें या धंद्याचें स्वरूप. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. या धंद्याचा प्राण पाणी आहे, आणि पाणी हीच आपल्या भागाची जुनी विवंचना आहे. त्यामुळें अहवाल खरा कोणता व नुसता देखणा कोणता, हें या उदाहरणांत लवकर उघडकीस येतें.

१. अहवाल कोणासाठीं लिहावयाचा?

पूर्वीं कर्ज ओळखीवर मिळे. गांवच्या सावकारास ऋणकोचें शेत, बैल, घर व स्वभाव हीं सारीं ठाऊक असत. त्या ओळखीची किंमत तो व्याजांत पुरेपूर वसूल करी, ही गोष्ट निराळी. ओळखीचा चांगला दाखलाही आपल्या इतिहासांत आहे. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांस औंधच्या अधिपतींनीं कुंडल रोड स्थानकाजवळ कारखान्यासाठीं माळजमीन दिली, ती त्या माणसाची पारख करूनच.

आजच्या बँकेची रीत वेगळी आहे. ग्रामीण भागांत कर्जाची सोय व्हावी म्हणून १९७६ सालीं मराठवाडा ग्रामीण बँक निघाली. तिचें मुख्य कार्यालय नांदेडास होतें. २००९ सालीं ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेंत विलीन झाली. अशा बँकांच्या शाखा खेड्यांपर्यंत पोंचल्या खऱ्या, पण शाखेंतील अधिकारी कांहीं वर्षांनीं बदलून जातो. आपलें घराणें कोणतें, आपला शब्द कसा, हें त्यास ठाऊक असण्याचें कारण नाहीं. शिवाय जो पैसा तो देतो तो त्याचा नसतो. शेतकऱ्यांनीं, शिक्षकांनीं व विधवा स्त्रियांनीं विश्वासानें ठेवलेल्या ठेवींतून तो दिला जातो. म्हणून जें काम पूर्वीं ओळख करीत असे तें आतां कागदास करावें लागतें.

परंतु अहवालाचा पहिला वाचक बँकेचा अधिकारी नव्हे. पहिला वाचक तो लिहिणाराच होय. धंदा चालणार नसेल तर तें कागदावर कळणें स्वस्त, आणि दुकानांत बसल्यावर कळणें महाग. ज्या अहवालानें लिहिणाऱ्याचा एकही बेत बदलला नाहीं, तो त्यानें मन लावून लिहिला नाहीं असें खुशाल समजावें.

२. अहवालाचीं अंगें

प्रथम धंद्याचें वर्णन चार ओळींत द्यावें. मग चालकाचें शिक्षण व अनुभव लिहावा. रोपवाटिकेंत दोन वर्षें काम केलें असेल किंवा परभणीच्या कृषि विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयांत शिक्षण घेतलें असेल, तर तें येथें सांगावें. त्यानंतर गिऱ्हाइकें, काम करण्याची पद्धत, लागणारें सामान, भांडवल, जमाखर्चाचा अंदाज, परतफेड आणि शेवटीं संभाव्य संकटें, असा क्रम ठेवावा.

गिऱ्हाइकांविषयीं लिहितांना विशेषणें टाळावीं. “लातुरांत बागांस प्रचंड मागणी आहे,” हें वाक्य कोणासही लिहितां येतें, म्हणून त्यास किंमत नाहीं. त्याऐवजीं असें लिहावें: “औसा रस्ता व अंबाजोगाई रस्ता यांवरील ४० इमारतींच्या मालकांस आम्ही भेटलों, ११ जणांनीं दरपत्रक मागितलें, ४ जणांनीं लेखी होकार दिला.” हें वाक्य लिहिण्यास आठवडाभर पायपीट करावी लागते. अधिकारी त्या पायपिटीवरच विश्वास ठेवतो.

कामाच्या पद्धतीविषयीं लिहितांना आपणांस ही भूमि कळते हें दिसलें पाहिजे. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी बसविली तर एका वर्षांत ती वरखालीं होते. म्हणून माती काढून खालीं मुरुमाचा थर चोपावा लागतो. हा मुरूम, त्याची वाहतूक व मजुरी ज्याच्या अंदाजपत्रकांत नाहीं, त्याचा नफा पहिल्याच कामांत मातींत जातो.

उधारीचेंही एक कलम अवश्य असावें. काम आज होतें, पैसे दोन-तीन महिन्यांनीं येतात. मजूर मात्र शनिवारीं मजुरी मागतो. म्हणून आगाऊ किती घेणार, काम निम्में झाल्यावर किती व शेवटीं किती, हें अहवालांतही लिहावें आणि गिऱ्हाइकाच्या करारांतही.

३. पैशांचा हिशेब

आतां एक कल्पित उदाहरण सोडवूं. यांतील आंकडे धड्यापुरते मानलेले आहेत. ज्यानें त्यानें आपल्या गांवचे भाव विचारून स्वतःचे आंकडे घालावे.

भांडवल असें लागेल:
हिरवळ कापण्याचें यंत्र, फवारणी पंप, फावडीं, कुदळी, कात्र्या — ७०,००० रुपये
जुना छोटा टेम्पो — २,६०,००० रुपये
शेडनेटची रोपवाटिका, पाण्याची टाकी व ठिबकच्या नळ्या — ९०,००० रुपये
खेळतें भांडवल (मजुरी, रोपें, खत, मुरूम) — १,८०,००० रुपये
एकूण — ६,००,००० रुपये

यांपैकीं १,००,००० रुपये स्वतःचे व ५,००,००० रुपये कर्ज. व्याज वर्षास १२ टक्के व मुदत ५ वर्षें धरली, तर मासिक हप्ता ११,१२२ रुपये येतो. साठ हप्त्यांत ६,६७,३२० रुपये फेडावे लागतील. म्हणजे व्याज १,६७,३२० रुपये. ही शेवटची संख्या विद्यार्थ्यांनीं स्वतः पडताळून पाहावी, आणि मग पालकांस मोठ्यानें वाचून दाखवावी.

चांगल्या महिन्याचा अंदाज पाहूं. नव्या बागांचें काम ७०,००० रुपयांचें. त्यांत सामानाचे ३५,००० गेले, राहिले ३५,०००. बारा बागांची निगा, प्रत्येकीं २,५०० प्रमाणें ३०,०००. एकूण हातीं ६५,०००. खर्च असा: दोन मजूर २४,०००, टेम्पो ८,०००, किरकोळ ३,०००, घरखर्चासाठीं स्वतःची उचल १२,०००, एकूण ४७,०००. शिल्लक १८,०००. हप्ता देऊन ६,८७८ रुपये उरतात.

येथें पुष्कळ जण ६,८७८ ला १२ नें गुणतात व वर्षाची शिल्लक ८२,५३६ रुपये मांडतात. हीच या प्रकारच्या अहवालांतील सर्वांत मोठी चूक होय. मार्च, एप्रिल व मे या तीन महिन्यांत आपल्याकडे नवी बाग कोण लावतो? त्या महिन्यांत नवें काम २०,००० रुपयांचेंच धरलें, तर सामान वजा जातां १०,००० राहतात. निगेचे ३०,००० मिळून ४०,०००. खर्च ४७,००० व हप्ता ११,१२२ भागवितांना दरमहा १८,१२२ रुपयांची तूट येते. तीन महिन्यांची ५४,३६६. उरलेल्या नऊ महिन्यांची शिल्लक ६१,९०२. वर्षाअखेर खरी शिल्लक राहते ती ७,५३६ रुपये. धंदा तोच, कर्ज तेंच. फक्त उन्हाळा लक्षांत घेतला आणि ७५,००० रुपये कागदावरून नाहींसे झाले. हप्ता बारमाही असतो, उत्पन्न बारमाही नसतें, हें ज्यास कळलें त्यास अहवालाचें अर्धें मर्म कळलें.

४. कोरड्या वर्षाचें पान

दुसरें अर्धें मर्म याहून कठीण आहे. वरील हिशेब साधारण पावसाच्या वर्षाचा झाला. पण पांच वर्षांच्या मुदतींत एकही अवर्षण येणार नाहीं असें लातूरकरानें लिहूं नये.

२०१६ सालचा उन्हाळा पालकांच्या स्मरणांत असेल. मार्च महिन्यांत लातुरांत पाणी भरण्याच्या ठिकाणीं दंगे होऊं नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. मांजरा धरण आटलें होतें. १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. तिला १० वाघिणी होत्या व त्यांत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. पुढें ५० वाघिणींच्या गाड्या येऊं लागल्या.

आतां हें उदाहरण सोडवा. हिरवळीस उन्हाळ्यांत एका चौरस मीटरला दिवसास निदान ५ लिटर पाणी लागतें असें धरा. एका मंगल कार्यालयापुढें १,००० चौरस मीटर हिरवळ आहे. तिला दिवसास ५,००० लिटर लागेल. म्हणजे मिरजेहून आलेली एक वाघीण ती हिरवळ दहा दिवसांत पिऊन टाकील, आणि ज्या गाडीची सारें लातूर वाट पाहत होतें ती संबंध गाडी शंभर दिवसांत. अशा वर्षीं बागेस पाणी घालणें कोणाच्याही मनास पटणार नाहीं, आणि तें योग्यही नव्हे. तेव्हां ज्याचा सगळा धंदा हिरवळीवर उभा आहे त्याचें काय होईल?

हिशेबानेंच पाहूं. जानेवारी ते मे पांच महिने नवें काम बंद. बारांपैकीं सहा बागा सुटल्या. निगेचे १५,००० उरले. खर्च ४७,००० व हप्ता ११,१२२ यांमुळें दरमहा तूट ४३,१२२. पांच महिन्यांची २,१५,६१०. उरलेल्या सात महिन्यांची शिल्लक ४८,१४६. वर्षाची तूट १,६७,४६४ रुपये. खेळतें भांडवल १,८०,००० होतें. तें जवळजवळ सगळें या एका वर्षानें गिळलें. दुसऱ्या वर्षीं पाऊस चांगला झाला तरी रोपें व खत घेण्यास पैसा नाहीं. मग टेम्पो विकणें, किंवा हप्ता भरण्यासाठीं खासगी सावकाराचें दार ठोठावणें, एवढेच मार्ग राहतात. धंदे बुडतात ते असे.

हें पान लिहून झाल्यावर अहवाल लपवावयाचा नसतो. बेत बदलावयाचा असतो. आरंभापासूनच कमी पाण्याच्या बागा करावयाच्या असें ठरवूं. हिरवळ बैठकीपुरती, बाकी जागेंत मुरूम व खडी, आणि कडुनिंब, करंज, बहावा, कण्हेर, बोगनवेल, शंकासूर, घायपात, कोरफड अशीं काटक झाडें. सर्वत्र ठिबकच्या नळ्या. वसतिगृहें व इस्पितळें यांच्याकडील स्नानाचें पाणी गाळून बागेस देण्याची सोय. शंभर मुलांच्या वसतिगृहांत दर मुलामागें २० लिटर स्नानाचें पाणी धरलें तरी दिवसास २,००० लिटर होतात. काटक झाडांच्या बागेस तें भरपूर झालें. आणि टंचाईच्या महिन्यांत छतावरील पावसाचें पाणी सांठविण्याची व्यवस्था, ठिबकची जोडणी व शेडनेट उभारणें, हीं कामें घ्यावयाचीं. कारण पाण्याची काळजी लोकांस त्याच महिन्यांत अधिक वाटते.

या बेतानें कोरड्या वर्षाचा हिशेब पुन्हां मांडूं. बारांपैकीं नऊ बागा टिकल्या: २२,५००. जोडणीच्या कामांतून सामान वजा जातां २०,०००. एकूण ४२,५००. टेम्पोचा खर्च ५,००० वर आणला, म्हणून एकूण खर्च ४४,०००. तूट १,५०० व हप्ता ११,१२२ मिळून दरमहा १२,६२२. पांच महिन्यांची ६३,११०. सात महिन्यांची शिल्लक ४८,१४६ वजा केली कीं वर्षाची तूट १४,९६४ रुपये उरते. तीन हप्त्यांची रक्कम, म्हणजे ३३,३६६ रुपये, आरंभींच वेगळ्या ठेवींत ठेवली असेल तर ही तूट भरून निघते व वर १८,४०२ रुपये राहतात. ही ठेव कर्जांतून नव्हे, स्वतःच्या पैशांतून करावी. ती जमेपर्यंत धंदा सहा महिने उशिरां काढावा लागला तरी हरकत नाहीं.

पाहा, एका पानानें काय काय बदललें: बागेची रचना बदलली, झाडें बदललीं, गिऱ्हाइकें बदललीं व धंदा काढण्याची तारीखही बदलली. हें पान अहवालांत शेवटीं दडवूं नये. “उन्हाळ्यांत पाणी कोठून आणाल?” असें अधिकाऱ्यानें विचारण्यापूर्वींच तें त्याच्या पुढें असावें. नांदेडच्या विद्यार्थ्यांनीं गोदावरी व विष्णुपुरीचा जलाशय जवळ आहे म्हणून निश्चिंत राहूं नये. टंचाईंत धरणाचें पाणी प्रथम पिण्यासाठीं राखलें जातें. बागेचा क्रम सर्वांत शेवटीं लागतो.

५. कोणतें कर्ज मागावें?

लहान धंद्यांसाठीं ८ एप्रिल २०१५ रोजीं प्रधानमंत्री मुद्रा योजना सुरू झाली. तींत ५०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जास ‘शिशु’, त्यापुढें ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ व त्यापुढें १० लाखांपर्यंत ‘तरुण’ अशीं नांवें दिलीं. ‘तरुण’ कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठीं २०२४ सालीं मर्यादा २० लाखांपर्यंत वाढविली. आपल्या उदाहरणांतील ५ लाख ‘किशोर’ वर्गांत बसतात. या योजनेंत घर किंवा शेत तारण ठेवण्याची अट नाहीं. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ सालीं निघाला. त्यांत कर्जाबरोबर अनुदानाची तरतूद झाली. सेवाधंद्यांत ५ लाखांहून मोठ्या प्रकल्पासाठीं आठवी उत्तीर्ण असण्याची अटही त्यांत घातली गेली. अशा योजनांचे चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रांत विचारून घ्यावे.

अहवालासोबत ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, पॅन कार्ड, बँकेच्या खात्याचा उतारा, जागेचा भाडेकरार, यंत्रांचीं दरपत्रकें व उद्यम नोंदणीचा दाखला जोडावा. अर्ज करतांना दोन विनंत्या करतां येतात: पहिला हप्ता कांहीं महिन्यांनीं सुरू व्हावा, आणि शक्य असल्यास उन्हाळ्यांत हप्ता लहान व पावसाळ्यानंतर मोठा असावा. अशी विनंती करणारा मनुष्य बँकेस भित्रा वाटत नाहीं. त्यानें विचार केला आहे एवढेंच दिसतें.

६. पालकांस दोन शब्द

तयार अहवाल विकत मिळतात. नांव व गांव बदललें कीं तोच कागद पुण्यासही चालतो आणि उदगिरासही. त्यांत मागणी प्रचंड असते, उन्हाळा नसतो, आणि नफा प्रतिवर्षीं वाढत जातो. असा अहवाल घेऊन बँकेंत गेलेल्या मुलास पहिल्या प्रश्नासच उत्तर देतां येत नाहीं. टंकलेखन कोणाकडूनही करून घ्यावें, हिशेब तपासण्यास जाणत्याची मदत घ्यावी; परंतु आंकडे मुलानें स्वतः गोळा केलेले असावे.

सरकारी योजनेचें कर्ज फेडलें नाहीं तरी चालतें, अशी एक समजूत आपल्या भागांत ऐकूं येते. ती घातक आहे. तारण नसलें तरी देणें देणेंच राहतें. चुकलेल्या हप्त्याची नोंद पतविषयक माहिती ठेवणाऱ्या संस्थांकडे होते, आणि पुढें घरासाठीं किंवा धाकट्या भावंडाच्या शिक्षणासाठीं कर्ज मागतांना तीच नोंद आडवी येते. अनुदानही बक्षीस नव्हे. धंदा चालू असल्याची खातरी होईपर्यंत तें बँकेंतच अडकलेलें असतें. म्हणून मुलाचा अहवाल पालकांनीं सही करण्यापूर्वीं पूर्ण वाचावा. वाचतां येत नसेल त्यांनीं मुलाकडून वाचवून घ्यावा व एकच प्रश्न विचारावा: पाऊस पडला नाहीं तर हप्ता कसा देशील? उत्तर आंकड्यांत आलें तर सही करावी. शब्दांतच आलें तर आणखी एक महिना थांबावें.

सरावासाठीं प्रश्न

१. कर्ज ५ लाखांऐवजीं ४ लाख घेतलें व टेम्पो भाड्यानें आणला, तर व्याजदर व मुदत तीच ठेवून मासिक हप्ता किती येईल? टेम्पोचें भाडें महिन्यास किती झालें तर हा बेत तोट्याचा ठरेल?

२. तुमच्या घराजवळील एका बागेची हिरवळ मोजा. तिला उन्हाळ्यांत महिन्यास किती लिटर पाणी लागेल? तेवढें पाणी टँकरनें आणल्यास आजच्या भावानें किती रुपये होतील?

३. शेळीपालन, पिठाची गिरणी किंवा शिवणकाम यांपैकीं एक धंदा घ्या. त्याचा वाईट महिना कोणता व कां, हें दहा ओळींत लिहा. नंतर त्या महिन्याचा जमाखर्च मांडून वडील मंडळींस दाखवा.